शेजारी बसलेल्याचा जीव



नवी गाडी घेतली की ती आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणायची, ही आपली जुनी प्रथा आहे. बॉनेटवर झेंडूचा हार असतो, डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफरचे चित्र असते, आरशाला रोझरी लटकत असते. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात, सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि पेढे वाटले जातात. प्रथा चांगलीच आहे. परंतु त्या प्रार्थनेत आपण इंजिनासाठी काही मागत नाही. त्या गाडीत बसणाऱ्या आणि तिच्या वाटेत येणाऱ्या माणसांच्या जिवासाठी मागतो. आणि ही प्रार्थना रोज खरी व्हायची असेल, तर तिच्यात स्टिअरिंग धरणाऱ्याच्या डोळ्यांचाही वाटा असतो.

याच अनुषंगाने आज एका प्रश्नावर आपण विचार करू या. गाडीत शेजारी किंवा मागे बसणारा माणूस आपला जीव चालकाच्या हवाली करतो. त्या विश्वासाला पात्र ठरण्यासाठी चालकाने काय करायला हवे? आणि उद्या काही विपरीत घडले व चालक म्हणाला, “मला दिसलेच नाही हो,” तर न दिसणे हा दोष धरायचा की नाही?

प्रश्न लहान वाटेल. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एकाच वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक घरांत कोणीतरी परत आले नाही. पाचवी आज्ञा ‘खून करू नकोस’ म्हणते, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर सुरी, बंदूक किंवा विष येते. चारचाकी आणि दुचाकी सहसा येत नाही.

पाहणे आणि ओळखणे

आपल्या गावांतले रस्ते आठवा. दोन्ही बाजूंना वाड्यांच्या भिंती, मधून एक गाडी आणि एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी जागा. समोरून एक चेंडू रस्त्यावर आला. नवशिक्या चालकाला चेंडू दिसतो आणि तो चेंडू चुकवतो. जाणत्या चालकाला चेंडूमागून धावत येणारे, अजून न दिसलेले मूल दिसते आणि त्याचा पाय ब्रेकवर जातो. थांब्यावर बस उभी आहे. बससमोरून कोणीतरी रस्ता ओलांडणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. कडेला उभ्या असलेल्या रिक्षाचे पुढचे चाक वळलेले आहे, म्हणजे ती न विचारता रस्त्यावर येणार. पावसाळ्यात पुढे पाण्याचे डबके आहे, म्हणजे त्यातला खड्डा चुकवण्यासाठी पुढचा दुचाकीवाला अचानक आपल्या बाजूला येणार. एकाला रस्ता आत्ता जसा आहे तसा दिसतो. दुसऱ्याला तोच रस्ता पुढच्या दोन क्षणांत जसा होणार आहे तसा दिसतो.

ही नजर जन्मजात नसते, ती शिकता येते. ब्रिटनमध्ये २००२ सालापासून वाहन परवान्याच्या लेखी परीक्षेला जोडून धोका ओळखण्याची वेगळी परीक्षा घेतली जाते. उमेदवाराला रस्त्यावरील प्रसंगांच्या छोट्या चित्रफिती दाखवतात. धोका तयार होऊ लागला आहे असे वाटताच त्याने बटण दाबायचे. जितक्या लवकर ओळखेल तितके गुण जास्त, आणि उशीर झाला तर शून्य. आपल्याकडे शिकाऊ लायसन्ससाठी नियम आणि चिन्हे विचारली जातात. तेही आवश्यकच आहे. परंतु चिन्हे पाठ असलेला माणूस सावध असेलच असे नाही, जशी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ असलेला माणूस प्रेमळ असेलच असे नाही.

थोडे गणितही पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद सहज जातो. तोपर्यंत गाडीचा वेग जराही कमी झालेला नसतो. कोणाचा मेसेज आला म्हणून मोबाइलकडे दोन सेकंद नजर गेली, तर गाडी तेहेतीस मीटर पुढे गेलेली असते. आपल्या अनेक जुन्या चर्चमध्ये दारापासून वेदीपर्यंत जेवढे चालावे लागते, जवळजवळ तेवढे अंतर. तेवढे अंतर डोळे मिटून, माणसांनी भरलेल्या चर्चमधून, एक हजार किलो लोखंड घेऊन धावायला कोणी तयार होईल का? शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते.

सद्‌गुणांचा सारथी

ख्रिस्तसभा चार मूलभूत नैतिक सद्‌गुण सांगते. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. यांपैकी विवेकाला कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १८०६) एक जुने लॅटिन विशेषण दिले आहे, ज्याचा अर्थ होतो ‘सद्‌गुणांचा सारथी’. बाकीच्या सद्‌गुणांना दिशा आणि वेग विवेक देतो, म्हणून तो सारथी. योगायोग असा की, आज आपण लायसन्ससाठी ज्या सरकारी संगणक प्रणालीवर अर्ज करतो, तिचेही नाव ‘सारथी’च आहे.

तेराव्या शतकातील महान तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात विवेकाचे आठ घटक सांगितले आहेत. स्मरण, आकलन, शिकण्याची तयारी, प्रसंगावधान, तर्क, दूरदृष्टी, चौफेर भान आणि सावधगिरी. त्यांनी मोटार कधी पाहिली नाही, पण एखाद्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या भिंतीवर ही यादी लावली तर कोणालाही परकी वाटणार नाही. या वळणावर पूर्वी काय झाले होते याचे स्मरण. समोर काय चालले आहे याचे आकलन. दुसऱ्याने सांगितलेले ऐकण्याची तयारी. अचानक उद्भवलेल्या प्रसंगी योग्य निर्णय. दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा तर्क. पुढचे ओळखण्याची दूरदृष्टी. आरशांत आणि दोन्ही बाजूंना भान. आणि सर्वांत शेवटी सावधगिरी.

याच संत थॉमसविषयी एक हकिकत जुन्या नोंदींत आढळते. १२७४ साली ते लियाँ येथील धर्मपरिषदेला निघाले असताना वाटेत आडव्या पडलेल्या झाडावर त्यांचे डोके आपटले. पुढे प्रकृती खालावून त्याच प्रवासात ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या क्षणी ते एखाद्या गहन विचारात गढले होते काय, हे न विचारलेलेच बरे! विवेकावर एवढे लिहिणाऱ्याच्याही वाटेत झाड आडवे येते, तर मोबाइल कानाला लावून वळण घेणाऱ्या आपली काय कथा?

संत थॉमस विवेकाविरुद्धची पापेही सांगतात. त्यांत उतावीळपणा आहे, अविचार आहे आणि हयगयही आहे. अविचार म्हणजे ज्याकडे लक्ष द्यायला हवे होते त्याकडे लक्ष न देणे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. “मला दिसले नाही” हे वाक्य खरे असेल, पण तेवढ्याने सुटका होत नाही. पाहणे हेच ज्याचे कर्तव्य होते, त्याने का पाहिले नाही, हे विचारावेच लागते. दाट धुक्यामुळे दिसले नाही ही एक गोष्ट झाली. धुके असूनही वेग कमी केला नाही ही दुसरी गोष्ट झाली.

जुन्या करारात याची सुंदर उदाहरणे आहेत. नवे घर बांधाल तेव्हा गच्चीला कठडा बांधा, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुमच्या घरावर येईल, असा नियम अनुवाद ग्रंथात (२२:८) आहे. घरमालकाने कोणालाही ढकललेले नाही. तरी दोष त्याचा, कारण गच्चीवर माणसे येणार आणि कडेला जाणार हे त्याला आधीच कळायला हवे होते. त्याच ग्रंथात (१९:५) दुसरे उदाहरण आहे. रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून सोबत्याला लागले आणि तो मेला. अशा माणसासाठी आश्रयाचे नगर ठेवावे, त्याला खुनी समजू नये, असे धर्मशास्त्र सांगते. आपल्यापैकी काहींच्या हातून, सर्व काळजी घेऊनही, असा अपघात घडला असेल आणि वर्षानुवर्षे ते मनात कुढत असतील. त्यांना मी आवर्जून सांगतो की, परमेश्वर कठडा न बांधणाऱ्याला आणि निसटलेल्या पात्याला एकाच मापाने मोजत नाही.

काही झाले नाही, म्हणून पाप नाही?

आता अधिक अवघड प्रश्न. दोन तरुण एकाच संध्याकाळी, एकाच रस्त्यावरून, एकाच वेगाने, मोबाइलवर बोलत गाडी चालवत गेले. एकाच्या वाटेत मूल आले. दुसऱ्याच्या आले नाही, तो घरी जाऊन जेवला आणि झोपला. पहिल्यावर खटला चालतो, गाव त्याला दोष देते. दुसऱ्याला कोणी काही म्हणत नाही. दोघांच्या वागण्यात फरक काय होता?

१९७६ साली इंग्लंडचे बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकेचे थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ या नावाने हा प्रश्न चर्चेला आणला. नेगेल यांच्या लेखातही असाच एक ट्रकचालक आहे. त्याने ब्रेक तपासून घेतले नाहीत आणि मूल आडवे आले. त्याच्याएवढीच हयगय केलेला दुसरा चालक केवळ मूल आडवे आले नाही म्हणून निर्दोष राहतो. कायद्याला परिणाम पाहावा लागतो, आणि ते योग्यही आहे. ज्याच्या हातून जीव गेला, त्याच्यावर त्या कुटुंबाची भरपाई करण्याची जबाबदारी येते. परंतु परमेश्वर अंतःकरण पाहतो. त्याच्यासमोर त्या दोघांची हयगय सारखीच आहे. धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २२९०) हेच सुचवतो. नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी जे स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात घालतात, त्यांचा दोष गंभीर आहे असे तेथे म्हटले आहे. धोक्यात घालणे एवढे पुरेसे आहे. कोणी मरायची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून “वीस वर्षे गाडी चालवतोय, अजून एक ओरखडा नाही” हे वाक्य तपासून पाहायला हवे. ते वीस वर्षांच्या सावधपणाचे फळ असू शकते. ते इतरांनी वेळीच ब्रेक लावल्याचे फळही असू शकते. विवेकबुद्धीची तपासणी करताना आपल्याला चुकलेली मिस्सा आठवते, राग आठवतो, खोटे बोलणे आठवते. स्टिअरिंगवरचे आपले वागणे आठवते का?

“वेळ आली की येतेच”

कोणी म्हणेल, “फादर, सगळे देवाच्या हाती. ज्याची वेळ आली तो घरात बसूनही जातो.” या बोलण्यात श्रद्धेचा आवाज आहे, पण तो आवाज आपण शुभवर्तमानात दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला आहे. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या टोकावर उभे केले आणि म्हटले, घे उडी, देवदूत तुला झेलतील. त्यासाठी त्याने स्तोत्राचा दाखलाही दिला. येशूने उडी घेतली नाही. परमेश्वराची परीक्षा पाहायची नसते, असे त्याने उत्तर दिले (मत्तय ४:५-७). ताशी १०० च्या वेगाने, उलट बाजूने ओव्हरटेक करताना आरशाला लटकणारी रोझरी म्हणजे त्या उडीआधीचा स्तोत्राचा दाखलाच होय. आणि तीच रोझरी एवढी मोठी असेल की डावीकडचा पादचारी तिच्याआड लपतो, तर ती खिशात ठेवा. पवित्र मरिया रागावणार नाही.

शेजारी बसलेल्याची भीती

आता शेजारच्या आसनाकडे वळू. चालकाला कधी भीती वाटत नाही आणि शेजारी बसलेल्याचा पाय मात्र आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जातो, जणू तिथे ब्रेक आहे! असे का होते? चालकाला स्वतःचा हेतू ठाऊक असतो. आता मी ब्रेक लावणार, आता वळणार, हे त्याला आतून कळते. शेजारच्याला फक्त समोरचा ट्रक जवळ येताना दिसतो. चालकाचे मन त्याला दिसत नाही. म्हणून चांगला चालक आपले मन दिसेल अशी गाडी चालवतो. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो, वेग आधीच कमी करतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो. शेजारच्याला जे दिसते, त्यावरूनच त्याला भरवसा वाटतो. भीती वाटणाऱ्याला “तुला काय कळते?” म्हणून गप्प करणे हा भरवसा नव्हे. ज्याच्या हाती ताबा आहे, त्याने ज्याच्या हाती नाही त्याच्या भीतीला मान द्यावा, ही शेजारप्रेमाची अगदी साधी पायरी आहे.

मात्र सुरक्षित वाटणे आणि सुरक्षित असणे यांतही फरक आहे. मोठी गाडी, गार हवा, मंद संगीत आणि मागची मऊ बैठक यांमुळे माणूस निर्धास्त होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात आपल्या आठवणीत असेल. त्यात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी यांचे निधन झाले. गाडी महागडी व सर्व सोयींची होती. निधन पावलेले दोघेही मागच्या आसनावर होते आणि त्यांनी सीट बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तरी पट्टा न लावलेले शरीर ६० च्याच वेगाने पुढे जात राहते. तो आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याएवढा असतो. मागच्या बैठकीवर पट्टा लावणे कायद्यानेही बंधनकारक आहे. आईच्या मांडीवरचे मूल आईच्या प्रेमाने तेवढा आघात सोसू शकत नाही.

बोलण्याचे कर्तव्य

शेजारी बसणाऱ्याचेही कर्तव्य आहे, आणि त्यासाठी बायबलमध्ये एक उत्तम प्रवासी भेटतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. संत पौलाला कैदी म्हणून जहाजातून रोमला नेत होते. क्रेत बेटापाशी आल्यावर, ऋतू धोक्याचा आहे, पुढे गेलो तर मालाची आणि जिवाचीही हानी होईल, असे पौलाने सांगितले. शताधिपतीने त्याचे न ऐकता तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. तसे पाहिले तर पौल ना खलाशी, ना मालक. त्याच्या हातात बेड्या होत्या. तरीही तो बोलला. पुढे वादळ आले, जहाज फुटले, पण परमेश्वराच्या कृपेने सर्व २७६ जण मेलितापर्यंत सुखरूप पोहोचले. वादळात पौल “मी सांगितले होते ना?” एवढे म्हणून थांबला नाही. त्याने सर्वांना धीर दिला, जेवायला लावले.

आपल्या घरांत काय होते? “अहो, जरा हळू घ्या ना,” असे पत्नी म्हणते आणि “गाडी मी चालवतोय ना?” असे उत्तर येते. तरुण मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलेली आई डोळे मिटून ‘नमो मरिया’ म्हणते, पण मुलाला काही बोलत नाही, कारण तो चिडेल. लग्नाहून परतताना चालक प्यालेला आहे हे गाडीतल्या सर्वांना ठाऊक असते, पण पाहुण्यांसमोर त्याचा अपमान नको म्हणून सगळे मुकाट बसतात. व्हॅटिकनने १९ जून २००७ रोजी रस्त्यावरील वर्तनासंबंधी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात चालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. गाडी चालवण्याच्या स्थितीत नसलेल्यांना, मग ते तरुण असोत की वयस्क, प्रेमाने परावृत्त करावे, ही त्यांपैकी एक. म्हणजे हे काम सोबत्यांचेही आहे. मान राखण्यासाठी गप्प बसणे ही आपली जुनी रीत आहे. पण मान सांभाळून माणूस गमावला, तर तो मान कोणाच्या उपयोगाचा?

तीर्थयात्रेला दहा-बारा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर करून आपण रात्रीचे निघतो. रोझरी होते, गीते होतात, मग सगळे झोपतात. एकटा चालक जागा असतो. तो आदल्या रात्री झोपला होता का, हे आपण विचारतो का? एका दिवसात तीन ठिकाणे ‘करायची’ हा आग्रह आपला असेल, तर त्याच्या पेंगलेल्या डोळ्यांत आपलाही दोष आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी घरात ठरवा. गाडी निघण्यापूर्वी सर्वांचे पट्टे लागले पाहिजेत, मागचेही. दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट असावे. मोबाइल शेजारच्याच्या हाती द्यावा. आणि “मला भीती वाटते” असे घरातील कोणीही, अगदी लहान मुलानेही म्हटले, तर वाद न घालता वेग कमी करायचा. कारण नंतर विचारता येईल.

नोव्हेंबर महिना आपण मृतांसाठी प्रार्थना करण्यात घालवतो. त्याच महिन्याचा तिसरा रविवार संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली रस्ते अपघातांतील बळींच्या स्मरणासाठी जाहीर केला. त्या रविवारी मिस्सामध्ये आपण त्यांची आठवण करू. परंतु त्या यादीत नव्या नावाची भर पडू नये, यासाठीची प्रार्थना रोज सकाळी किल्ली फिरवताना करायची असते, आणि ती उघड्या डोळ्यांनी करायची असते.

हे प्रभो, आज जे माझ्या भरवशावर बसले आहेत आणि जे माझ्या वाटेत येणार आहेत, ते सर्व तुझी लेकरे आहेत. मला ती वेळेवर दिसू देत. आमेन.